नऊ बैल आणि दोन हजार गाढवं

दारव्ह्याच्या एका कॉलेजात पूनमसिंग राठोड बावीस वर्षं संगणक प्रयोगशाळेचे परिचर होते. परिचर म्हणजे नेमकं कोण, हे पगारपत्रकालाच ठाऊक. कॉलेजला ठाऊक होतं ते एवढंच की या माणसाला ओलांडून प्राचार्यांची चप्पलसुद्धा त्या खोलीत शिरू शकत नाही. धूळ हा पूनमसिंगांचा जन्माचा शत्रू होता. दारात उभं राहून ते प्रत्येकाच्या पायांकडं बघत. विद्यार्थ्यांचे चेहरे त्यांना ओळखू येत नसत, पण मोजे बरोबर ओळखू येत. पोरांनी त्यांचं नाव 'चप्पल सर' ठेवलं होतं, आणि त्यातला 'सर' त्यांना इतका आवडे की पहिल्या शब्दाचा त्यांनी कधी राग धरला नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. त्याच आठवड्यात कॉलेजनं नऊ जुने संगणक भंगारात काढले. कोणी घेईना. पूनमसिंगांनी ते हातगाडीवर घालून घरी आणले. दारात त्यांच्या पत्नी रुक्माबाई उभ्या होत्या.

"रिटायर झालेली मानसं घड्याळ घेऊन येतात घरी," त्या म्हणाल्या. "तुमी नऊ खोके घेऊन आले. यायले ठेवता कुठी? माझ्या डोक्शावर?"

"हे चालू आहेत अजून, रंजिताचे आई."

"चालू तं तुमी बी हायत. म्हनून कॉलेजवाल्यायनं ठेवून घेतलं का?"

या दोघांची भांडणं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, सुरू होत आणि वऱ्हाडीत संपत, म्हणजे शेजाऱ्यांनाही न्याय करता यावा. त्या दिवशी शेजाऱ्यांनी एकमतानं रुक्माबाईंच्या बाजूनं कौल दिला. तरी नऊ खोके मागच्या खोलीत फळीवर बसले, कारण पूनमसिंगांनी शेवटचा पत्ता टाकला. तो पत्ता म्हणजे पुष्पा.

पुष्पा रुक्माबाईंची धाकटी बहीण, घाटंजीकडच्या तांड्यावर राहणारी. तिला सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, आणि मग हाडाहाडांतून अशी कळ निघते की माणूस चार-चार दिवस कूस बदलू शकत नाही. पुष्पाची कळ सुरू झाली की रुक्माबाई हातातलं काम टाकून पहिल्या जीपनं निघत.

पूनमसिंगांनी बायकोला सांगितलं ते असं: परदेशातलं एक विद्यापीठ आहे. रक्तातलं ते प्रथिन नेमकं कुठं, कसं वाकतं, याचं एक अगडबंब गणित त्यांनी मांडलंय. एका यंत्रावर सोडवायला गेलं तर शंभर वर्षं लागतील. म्हणून त्यांनी त्याचे लाखो तुकडे केलेत. जगभरातल्या लोकांच्या रिकाम्या संगणकांना ते इंटरनेटवरून एकेक तुकडा धाडतात. संगणक तो तुकडा सोडवतो, परत पाठवतो, दुसरा मागून घेतो. कोणी कोणाला पैसे देत नाही, कोणी मागत नाही.

त्या वेळी भगवानराव ओसरीवर चहा पीत बसले होते. भगवानराव म्हणजे पूनमसिंगांचे शेजारी, कापूस-तुरीची शेती असलेले, आणि दारव्ह्यात ज्या गोष्टी घडतात त्यांवर आणि ज्या घडत नाहीत त्यांवरही मत बाळगणारे.

"म्हंजे वेठबिगारी," ते म्हणाले.

"सावड म्हना, भगवानराव. आज तुमच्या वावरात, उद्या माझ्या."

"थ्या गोऱ्यायचं वावर पाह्यलं का तुमी कधी?"

रुक्माबाईंनी मात्र भगवानरावांच्या हातातली बशी काढून घेतली आणि विचारलं, "पुष्पीचं काम हाय ना हे? मंग लावा."

विद्यापीठाच्या त्या संस्थेकडं खातं काढताना नाव विचारलं होतं. रुक्माबाईंच्या हुकमावरून खातं निघालं ते त्यांच्याच नावानं. रुक्मा. इंग्रजीत पाच अक्षरं. रुक्माबाई शाळेत गेल्या होत्या त्या मुलीला, रंजिताला, पोचवायला आणि आणायला. पण ही पाच अक्षरं त्यांनी पाठ केली. पहिलं अक्षर पोट पुढं काढून एक पाय टेकवलेलं, दुसरं ताकाच्या भांड्यासारखं, तिसरं हातपाय झाडणारं, चौथं दोन डोंगरांचं, शेवटचं तिवईसारखं. पडद्यावर कुठंही ती पाच अक्षरं दिसली की त्या बोट टेकवत आणि म्हणत, "ही मी."

संस्थेनं एक वचन दिलं होतं. गणिताची ही माळ संपेल तेव्हा, ज्यांची यंत्रं शेवटपर्यंत काम करत राहिली त्या सगळ्यांची नावं एका यादीत छापली जातील, आणि ती यादी संशोधनासोबत कायमची राहील. पूनमसिंगांनी हे वाचून दाखवलं त्या दिवशी रुक्माबाईंनी पुष्पाला फोन केला. "पुष्पे, माहं नाव येनार हाय दवाईच्या कागदावर. तुले दाखवतो का नाही पाय." तेव्हापासून पुष्पाच्या प्रत्येक फोनच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला असे. मोठ्या बहिणीला ती बाई म्हणे. "बाई, तुझं नाव आलं का?"

नऊ खोक्यांना रुक्माबाईंनी नावं ठेवली. सगळ्यात संथ ती बुढी. सारखा बंद पडणारा रडक्या. ज्याचा दिवा लाल तो कोतवाल. ज्याच्या पंख्याला चालू होताना ढास लागे तो खोकल्या. मास्तर नावाचा एक होता, तो काहीही करण्याआधी पाच मिनिटं नुसता विचार करी. सकाळी आंघोळ करून रुक्माबाई एकेकाचं बटण दाबत, सगळ्यांत शेवटी खोकल्याचं, कारण त्याची ढास ऐकली की त्यांना हजेरी पूर्ण झाल्यासारखं वाटे. वीज गेली की नऊही थांबत, आली की जिथं सोडलं तिथून पुढं चालू लागत. उन्हाळ्यात भरदुपारी त्या त्यांना विसावा देत. थंडीत बुढीच्या टपावर दह्याचं विरजण लागे, आणि त्या खोलीतलं दही दारव्ह्यात प्रसिद्ध झालं. भगवानराव वाटी घेऊन येत आणि सावडीची थट्टा करत करत वाटी भरून नेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तर मजाच असे. शेतकरी त्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं तूप-हळद चोळतात आणि बैलाच्या कानात दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण देतात. पूनमसिंग दर वर्षी नेमकं त्याच दिवशी नऊ खोके उघडत. आतली धूळ ब्रशानं झाडायची, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरडायचा आणि उष्णता शोषणारा नवा पांढरा लेप लावायचा. पहिल्या वर्षी रुक्माबाईंनी तो लेप पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं खांदशेकनीच झाली." त्यांनी हळदीचं बोट आणलं आणि प्रत्येक खोक्याच्या टपाला लावलं. मग वाकून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, बुढीपासून खोकल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पूनमसिंग हसले होते. पण दुसऱ्या दिवशी नऊ यंत्रांपुढं पुरणपोळीचं ताट आलं, आणि पडद्यावर रक्ताच्या गणिताचे नऊ नवे तुकडे आले, तेव्हा त्यांनाही वाटलं की जेवण बरोबर वाढलं गेलं.

असं चार वर्षं चाललं. घरात दोन माणसं आणि नऊ जनावरं.

बिघडलं ते गुणांमुळं. संस्था प्रत्येक खात्याला केलेल्या कामाचे गुण देते. त्या गुणांनी काही विकत मिळत नाही, कोणी शाबासकीही देत नाही, फक्त एक उतरंड असते आणि तिच्यात आपली पायरी दिसते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गुणपत्रिका वाटलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःला गुण मिळत होते. पूनमसिंग रोज पायरी बघू लागले. नऊ बैल मिळून महिन्याभरात जेवढे गुण आणत, तेवढे पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीतला एक इसम एका दिवसात आणत होता.

"त्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड असते," पूनमसिंगांनी भगवानरावांना समजावलं. "आपल्याकडे प्रोसेसर. फरक सांगू का? आमच्या आजाचा आजा लदेनीवाला होता. बैलाईच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरे. प्रोसेसर म्हंजे तो लदेनीचा शाहना बैल. नाला लागला, पानी किती हाय पाहते. फाटा आला, थांबते, इचार करते, मंग वळते. ग्राफिक्स कार्ड म्हंजे दोन हजार गाढवं. एकेकाच्या पाठीवर मूठभर मीठ. रस्ता सरळ असला का बैल नाल्यातच, अन् गाढवं बाजारात!"

"मंग गाढवंच घ्या ना."

"गाढवाईची एक गोष्ट हाय. सगळ्यायनं एकाच टायमाले एकच पाऊल टाकाचं. फाट्यावर अर्धे इकडे, अर्धे तिकडे म्हनलं का सारी कोंडी. अन् रक्ताचं गनित म्हंजे फाटेच फाटे. मागच्या पावलाचा जबाब आल्याबिगर पुढचं टाकताच येत नाही. म्हनून हे काम बैलाईचं."

रुक्माबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी ते ध्यानात ठेवलं. पूनमसिंग विसरले.

विसरायला लावलं अमरनं. अमर हा दारव्ह्यातला लग्नांच्या शूटिंगवाला. त्याच्या स्टुडिओत एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड होतं. त्या कार्डानं दहा वर्षांत तालुक्यातल्या किती नवरदेवांच्या मागं हिमालय उभा केला, किती नवऱ्या बदामाच्या आकारातून बाहेर काढल्या, त्याची गणती नाही. दिवाळीनंतर अमरनं नवं कार्ड घेतलं आणि जुनं पूनमसिंगांकडं आणलं.

"काकाजी, हे लावून तं पाहा. तुमच्या नऊ डब्यायची महिन्याची कमाई हे दुपारच्या झोपीत करते."

सोबत ते बसवायला स्टुडिओतलाच एक दणकट खोका त्यानं दिला. कार्ड चालू झालं. हे सॉफ्टवेअर अशा अनेक संस्थांची कामं आणत असे; त्यानं विचारलं: फक्त कार्ड चालवून, त्याच्यासाठी ज्या संस्थेकडं काम असेल तिचं घेऊ का? पूनमसिंगांनी 'हो' दाबलं. माणूस 'हो' दाबतो तसं दाबलं, न वाचता. तिसऱ्या दिवशी त्यांची पायरी इतकी वर सरकली की त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग पडदा.

"पूनमभाऊ," भगवानराव म्हणाले, "आता हे नऊ पेन्शनर कायले पोसता? बसून खातात नुसते."

त्याच आठवड्यात पुष्पाची कळ उठली आणि रुक्माबाई चार दिवसांसाठी तांड्यावर गेल्या. पूनमसिंगांच्या मनात आलं, ती परत येईल तेव्हा खोली मोकळी, चकचकीत, आणि एकच रुबाबदार यंत्र. खूश होईल. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. नंतर त्यांनी स्वतःला पुष्कळ प्रश्न विचारले, पण या एका बाबतीत ते स्वतःला खोटं पाडू शकले नाहीत. भंगारवाला आला आणि नऊ खोके हातगाडीवर चढले, जसे आले होते तसेच.

रुक्माबाई परतल्या त्या थेट मागच्या खोलीत गेल्या, कारण त्यांच्या पिशवीत तांड्यावरचं म्हशीचं दूध होतं आणि ते विरजायचं होतं. फळी रिकामी होती. विरजणाचं मडकं खाली जमिनीवर ठेवलेलं होतं.

 पूनमसिंगांनी ओसरीवर बसून भांडणाची तयारी केली. दोन्ही भाषांतली उत्तरं जमवून ठेवली. रुक्माबाई बाहेर आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "हे एकलंच पुष्पीचं काम करते ना?"

"करते ना! शंभर पटीनं करते."

"आपल्या त्या यादीत नाव येते ना मंग?"

"सगळ्यात वर येते."

"मंग ठीक हाय."

भांडण झालंच नाही. त्या दिवशी पूनमसिंगांना हा आपला विजय वाटला. नव्या यंत्राला बटणाची गरज नव्हती, ते कधी बंदच होत नसे. सकाळी आंघोळ करून रुक्माबाई त्या खोलीच्या दारापर्यंत जात, थोडं थांबत आणि परत फिरत. पुढं पुढं दारापर्यंत जाणंही बंद झालं. दही भगवानरावांना बाजारातून आणावं लागू लागलं, आणि त्याबद्दल त्यांनी पूनमसिंगांना जे ऐकवलं ते नऊ यंत्रांचे कट्टर विरोधक म्हणून त्यांना मुळीच शोभणारं नव्हतं.

मग एप्रिल आला. इकडच्या एप्रिलात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, कूलर विचारतात. पत्र्याच्या पेटीला तिन्ही बाजूंनी लाकडी भुशाच्या जाळ्या, आत पाणी, पुढं पंखा. हे दैवत घरोघरी बसलेलं असतं. पूनमसिंगांकडं एकच कूलर होता, झोपायच्या खोलीच्या खिडकीत. आणि कार्ड तापत होतं. दोन हजार गाढवं एकदम धावली तर घाम फुटणारच. मे उजाडला तसं ते तापून मध्येच थांबू लागलं, पायरी घसरू लागली. पूनमसिंगांनी विचार केला: गरम झालं की आपण काय करतो? यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचं एकच उत्तर सुचतं. त्यांनी कूलर उचलला आणि मागच्या खोलीत, यंत्राच्या अगदी तोंडासमोर नेऊन ठेवला. यंत्राचं झाकणही काढून टाकलं, म्हणजे गारवा थेट काळजाला लागावा.

"अवो, अन् मी?" रुक्माबाईंनी विचारलं.

"दोन महिन्याचा तं सवाल हाय. पुष्पाचंच काम करून राह्यलं ना ते."

पुष्पाचं नाव निघालं तशी रुक्माबाईंनी बादली उचलली. नळ आठ दिवसांनी एकदा येत होता. बोअरवेलचं खारट पाणी त्या बादलीनं आणून कूलरमध्ये ओतत, आणि स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसत. भगवानरावांनी ते पाहिलं आणि आल्या पावली परत फिरले.

मे संपता संपता कार्ड बंद पडलं, आणि त्याच्यासोबत तो खोकाही. अमरनं ते बाहेर काढलं आणि उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. आतल्या पत्र्यांवर पांढरे क्षार चढले होते, कडांना हिरवा गंज.

"काकाजी, हे कार्ड हाय का बोरिंगचा पाइप?"

"थंडं ठेवलं होतं बाबा. कूलर लावला होता."

अमरनं कपाळावर हात मारला. मग त्याला म्हाताऱ्याची दया आली. "नागपूरले पाठवून पाहतो," तो म्हणाला. कार्ड नागपूरला गेलं, दोन महिने राहिलं आणि ऑगस्टात जसं गेलं तसंच परत आलं.

तेव्हा कुठं पूनमसिंग मोबाइलवर खातं उघडून बसले. आपण इतके दिवस गायब का होतो, हे सांगायला हवं असं त्यांना वाटलं. जणू जगातले सगळे शास्त्रज्ञ हातातलं काम टाकून दारव्ह्याची वाट बघत बसले होते. केलेल्या कामांची यादी समोर होती. आजवर त्यांनी तिच्यातली फक्त बेरीज पाहिली होती. आता वर काय लिहिलंय ते वाचलं.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते कार्ड दुसऱ्याच एका संस्थेचं काम करत होतं. आकाशातल्या लांबलांबच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी तपासायचं काम. सरळ रस्ता, फाटा नाही, गाढवांना अगदी योग्य. रक्ताच्या गणिताकडं कार्डासाठी काम नव्हतंच. ते फक्त प्रोसेसरचं होतं. हे त्यांनीच तर ओसरीवर बसून सांगितलं होतं. रुक्मा या नावापुढं रक्ताच्या कामाची शेवटची नोंद होती ती भंगारवाल्याची हातगाडी दारात आली त्या दिवसाची.

भर मे महिन्यात रुक्माबाई खारट पाण्याच्या बादल्या ताऱ्यांसाठी ओतत होत्या.

पूनमसिंग ओसरीवर येऊन बसले. भगवानरावांनी विचारलं, "काहून तोंड उतरलं?" त्यांनी सांगितलं. भगवानरावांनी सगळं ऐकून घेतलं. "पेन्शनर म्हनलो होतो ना मी त्यायले," ते हळूच म्हणाले, आणि त्या दिवशी चहा न पिता उठून गेले.

"रंजिताचे आई," पूनमसिंगांनी शेवटी तोंड उघडलं.

रुक्माबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "गाढवं फाट्यावर कोंडतात," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगत होते. मले वाटलं, आता नव्या गाढवाईले शिकवलं असन कोनी."

दुसऱ्या दिवशी पूनमसिंग भंगारवाल्याकडं गेले. नऊपैकी आठांचा पत्रा, तांबं, प्लास्टिक वेगवेगळं होऊन कधीच पुढं गेलं होतं. पण कोपऱ्यात एक खोका उरला होता. भंगारवाल्याचा गल्लीतला कुत्रा त्याच्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायचा, म्हणून तेवढा फोडला नव्हता. पूनमसिंगांनी आवाजावरून ओळखायचं ठरवलं. भंगारवाल्याच्याच बोर्डावर वायर लावली. पंखा ढासला, थांबला, पुन्हा ढासला आणि सुरू झाला.

खोकल्या होता.

त्यांनी तो घरी नेला. त्याच्या निखळलेल्या तारा डागून दिल्या, अमरकडून कुठलीशी जुनी डिस्क आणून बसवली. जमलं ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. गावात बैल धुवायला निघाले होते, खांदशेकणीसाठी पळसाची पानं आली होती. पूनमसिंगांनी मागच्या खोलीत पांढऱ्या लेपाची नळी काढली आणि हाक मारली. रुक्माबाई येतील का नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

त्या आल्या. हळदीचं बोट घेऊन आल्या. खोकल्याच्या टपावर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे होते. त्यांवरून त्यांनी पदर फिरवला. "वाळला रे बाप्पा," त्या म्हणाल्या, माणसाला म्हणावं तसं. पूनमसिंगांनी लेप लावला. रुक्माबाईंनी हळद लावली आणि खाली वाकल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." फळीवर आठ जणांची जागा मोकळी होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी बटण दाबलं. नऊ महिन्यांनी. पंखा ढासला. पडद्यावर सॉफ्टवेअर उघडलं, संस्थेला हाक गेली, काम मागितलं गेलं. उत्तर आलं. पूनमसिंगांनी ते एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा, या वेळी न चुकता शेवटपर्यंत.

"काय म्हनते?" रुक्माबाईंनी विचारलं.

'हो' म्हणणं सोपं होतं. पूनमसिंग त्या शब्दाला आता भ्याले होते. "काम नाही म्हनते. माळ संपली, मागच्या महिन्यात. सारं गनित झालं."

"म्हंजे दवाई भेटली?"

"दवाई नाही. प्रथिन कुठी वाकते थे समजलं. दवाई होईन मंग, वर्सा दोन वर्सानं, दहा वर्सानं."

रुक्माबाईंच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की पूनमसिंगांना क्षणभर वाटलं, सुटलो. "मंग झालं ना पुष्पीचं काम! कोनी का करेना." आणि मग त्या म्हणाल्या, "यादी दाखवा."

यादी होती. हजारो नावं, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं. पूनमसिंग त्यांना नाही म्हणू शकले असते. आपलं नाव तिथं नाही, एवढे चार शब्द होते.  ते सोडून त्यांनी पान सरकवत सरकवत पोट पुढं काढलेल्या अक्षराशी आणलं आणि थांबले. रुक्माबाईंनी पदरानं बोट पुसलं आणि पडद्यावर टेकवलं. बोट हळूहळू खाली सरकू लागलं. ताकाचं भांडं आलं, गेलं. हातपाय झाडणारं एका नावात आलं, पण त्याच्यापुढं डोंगर नव्हते. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. मग दोन नावांच्या मध्ये थांबलं.

"मी इथी असती ना?"

"हो. इथंच."

त्यांनी बोट काढलं नाही. त्या दोन नावांमध्ये तसं पाहिलं तर बोटाएवढीही जागा नव्हती. खोकल्याचा पंखा रिकामाच फिरत होता. बाहेर कोणीतरी बैलाच्या शिंगांना बेगड लावत होतं आणि बैल हलतोय म्हणून त्याला लाडानं शिव्या देत होतं.

मग रुक्माबाई उठल्या, स्वैपाकघरात गेल्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. ते त्यांनी खोकल्यापुढं ठेवलं. "आवतन देल्लं तं जेवू घाला लागन," त्या म्हणाल्या. "त्याचा काय गुन्हा." मग त्यांनी बटण दाबून त्याला बंद केलं, रोज संध्याकाळी करत तसं, आणि ताटातली अर्धी पोळी मोडून नवऱ्याच्या हातात दिली. पूनमसिंगांना ती खाववेना आणि ठेववेना. बोटाला कालचा पांढरा लेप अजून होता.

तेवढ्यात रुक्माबाईंचा फोन वाजला. पुष्पाचा. तिचा आवाज फोनबाहेरही ऐकू येई. पोळ्याचं विचारलं, रंजिताचं विचारलं, पाण्याचं विचारलं. पूनमसिंग कोपऱ्यात बसून शेवटच्या प्रश्नाची वाट बघत होते. तो आला.

"बाई, तुझं नाव आलं का?"

रुक्माबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. वर पाहिलं, छताच्या पंख्याकडं; तो मजेत, पूर्ण जोरात फिरत होता.

"काय सांगू पुष्पे," त्या म्हणाल्या, "आमच्या इकडं चार दिवसापासून लाइनच नाही. लाइन आली का पायतो."